परक्याला दाम देता आला पाहिजे
परदेशातील विजेच्या गाड्या, टोल आणि आपला व्यापारी

ज्या बाजारात अनोळखी माणसाला माल घेऊन, दाम चुकते करून, पावती खिशात घालून निघता येते, तो बाजार चांगला, अशी आम्हा कापडवाल्यांची जुनी कसोटी आहे. गिऱ्हाईक कोण, कोठले, कोणत्या बिरादरीचे, हे दुकानदार विचारीत नाही. माल पसंत पडला, भाव ठरला, पैसे मिळाले, मामला संपला. हीच कसोटी परदेशातल्या रस्त्यांना लावली तर आज काय दिसते, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत. विषय वरकरणी मोटारीचा असला तरी मुळात तो हिशोबाचा आहे आणि म्हणूनच या पानावर त्याला जागा आहे.

पूर्वी आपला व्यापारी बाहेर जाई तो बहुधा विमानतळ, हॉटेल आणि प्रदर्शनाचे मैदान एवढ्यापुरता. आता तसे राहिलेले नाही. फ्रँकफर्टला दर जानेवारीत घरगुती कापडाचे हाइमटेक्सटील प्रदर्शन भरते. जून २०२३ मध्ये मिलानला कापड यंत्रांचे इत्मा प्रदर्शन झाले आणि पुढचे सप्टेंबर २०२७ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरला भरणार आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे लोक अशा ठिकाणी जातात ते केवळ पाहायला नव्हे. जुने यंत्र कोठे मिळते, कोणत्या गिरणीत चालू स्थितीत पाहायला मिळते, रेशमासाठी कोमो, लोकरीसाठी बिएला, अशी त्यांची फिरती असते. नमुन्यांच्या पेट्या सोबत असतात. चार माणसे मिळून एक गाडी भाड्याने घेतात. आणि अलीकडे काउंटरवर जी चावी हातात पडते ती पुष्कळदा विजेच्या गाडीची असते.

गाडी चालवायला सोपी आहे. प्लगचीही अडचण नाही. युरोपात जलद चार्जिंगसाठी जो सीसीएस-टू नावाचा प्लग आहे तोच आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांनाही आहे. अडचण येते ती पैसे देताना. खिशात पैसे आहेत, द्यायची तयारी आहे, पण देता येत नाहीत, ही परिस्थिती व्यापाऱ्याला नवी आणि लाजिरवाणी वाटते.

आपल्या घरची सवय

याचे एक कारण आपल्या घरच्या सवयीत आहे. आपल्याकडे १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गावर फास्टॅग सक्तीचा झाला. काचेला पट्टी चिकटवली, खात्यात रक्कम ठेवली की नाक्यावर हात खिशाकडे न्यावा लागत नाही. फास्टॅग नसेल तर रोखीने दुप्पट टोल पडे आणि १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने दिल्यास सव्वापट पडू लागला. शिवाय महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग येथे विजेच्या मोटारींना टोलमाफी दिली. भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरकडे विजेच्या गाडीने जाणाऱ्या माणसाच्या मनात त्यामुळे दोन गोष्टी पक्क्या बसतात. एक म्हणजे टोल आपोआप कापला जातो, आणि दुसरी म्हणजे विजेच्या गाडीला टोल नसतो. परदेशात या दोन्ही समजुती महागात पडतात.

भाड्याच्या गाडीत टोलाची पट्टी असेलच असे नाही. आणि विजेच्या मोटारीला युरोपातल्या मोठ्या देशांत सरसकट टोलमाफी नाही. इटली, फ्रान्स, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या चारही देशांत ती पेट्रोलच्या मोटारीसारखाच टोल भरते. लंडन शहरात गर्दीच्या भागात शिरण्याचा आकार २००३ पासून आहे. विजेच्या गाड्यांना त्यातून बरीच वर्षे सूट होती. ती २५ डिसेंबर २०२५ ला संपली आणि २ जानेवारी २०२६ पासून हा आकार रोजचा १८ पौंड झाला. नोंदणी करून आपोआप पैसे भरणाऱ्या विजेच्या मोटारीला त्यात काही सवलत आहे, पण चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याने तिचा भरवसा धरू नये.

प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी

युरोप म्हणजे एक चलन, एक बाजार असे आपण समजतो. टोलाच्या बाबतीत तसे मुळीच नाही. मिलानहून फ्रँकफर्टला जायचे तर सुमारे पावणेसातशे किलोमीटरच्या एका प्रवासात तीन तऱ्हा भेटतात.

इटलीत नाका आहे. आत शिरताना यंत्रातून तिकीट घ्यायचे आणि बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे द्यायचे. तिकीट हरवले तर सर्वांत लांबच्या नाक्यापासून आकारणी होते, म्हणून ते जपून ठेवावे. नाक्यावर रांगा वेगवेगळ्या असतात. पिवळ्या खुणेची रांग टेलेपास नावाच्या यंत्रवाल्यांची असते, निळी कार्डाची आणि पांढरी रोखीची. आपला माणूस फास्टॅगच्या सवयीने सर्वांत मोकळी रांग पाहून पिवळ्या रांगेत घुसतो. तसे झाले तर गाडी मागे घेऊ नये, ते धोक्याचेही आहे आणि गुन्हाही. यंत्रातून न भरलेल्या टोलाची चिठ्ठी निघाली तर ती घ्यावी आणि १५ दिवसांच्या आत रक्कम भरावी.

पण इटलीत असेही रस्ते आहेत की जेथे नाकाच नाही. मिलानच्या उत्तरेला माल्पेन्सा विमानतळ आणि कोमो यांच्या टापूत पेदेमोंताना नावाचा मार्ग आहे. तेथे वर कमानीवर कॅमेरे असतात, ते नंबर टिपतात आणि १५ दिवसांत स्वतः होऊन पैसे भरायचे असतात. रेशमाच्या कामासाठी कोमोला जाणाऱ्या आपल्या लोकांच्या वाटेतला हा रस्ता आहे.

स्वित्झर्लंडमध्ये नाकाही नाही आणि अंतराचा हिशोबही नाही. महामार्गावर यायचे तर वर्षाचे व्हिनेट घ्यायचे, किंमत ४० फ्रँक. एका दिवसासाठी जा किंवा वर्षभर फिरा, किंमत तीच. १ ऑगस्ट २०२३ पासून ते काचेला न चिकटवता गाडीच्या नंबरावर संगणकानेही मिळते. न घेता सापडल्यास २०० फ्रँक दंड आणि वर व्हिनेटची किंमत. इटलीत घेतलेल्या भाड्याच्या गाडीला ते असेलच असे समजू नये, काउंटरवरच विचारावे. ऑस्ट्रियातून गेल्यास तेथेही व्हिनेट लागते, पण ते एक दिवसाचे, दहा दिवसांचे, दोन महिन्यांचे असेही मिळते. ब्रेनर घाटाच्या रस्त्याचा टोल मात्र तेथे वेगळा द्यावा लागतो.

जर्मनीत मोटारीला महामार्गावर टोलच नाही. तेथील सरकारने तो आणण्याचे ठरवले होते, पण १८ जून २०१९ ला युरोपीय न्यायालयाने ती योजना बेकायदा ठरवली. कारण वाचण्यासारखे आहे. जर्मन गाडीमालकांना तेवढीच रक्कम दुसऱ्या करात परत मिळणार होती, म्हणजे खरा भार केवळ परदेशी गाड्यांवर पडणार होता. परक्याकडून घ्यायचे आणि आपल्याला सोडायचे हे न्यायालयाला मान्य झाले नाही.

फ्रान्समध्ये नाके आहेत, पण पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए-१३ आणि ए-१४ या मार्गांवरचे नाके २०२४ मध्ये निघाले. तेथे ७२ तासांत पैसे भरायचे. इंग्लंडमध्ये बहुतेक रस्ते मोफत आहेत, पण लंडनच्या पूर्वेला डार्टफर्डची टेम्सवरील वाट आणि लिव्हरपूलजवळचा मर्सी गेटवे पूल येथे नाका नसताना टोल आहे. तो दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत भरावा लागतो. डार्टफर्डला मोटारीचा दर १ सप्टेंबर २०२५ पासून ३ पौंड ५० पेन्स आहे. ब्लॅकबर्न, बोल्टन या जुन्या कापडाच्या गावांत नातेवाईक आणि कारोबार असलेले आपले कोकणी बंधू या पुलांवरून जातात येतात. घरच्या माणसाने सांगितले तर ठीक, नाहीतर दंडाचे पत्र भाड्याच्या कंपनीकडे जाते.

दुबईची गोष्ट आपल्या लोकांना जास्त जवळची. तेथे १ जुलै २००७ पासून सालिक आहे. पूर्वी दर वेळी ४ दिरहम लागत. ३१ जानेवारी २०२५ पासून गर्दीच्या वेळी, म्हणजे सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ८, ६ दिरहम, इतर वेळी ४ आणि रात्री १ ते सकाळी ६ मोफत असा हिशोब आहे. रविवारी, काही खास दिवस सोडून, गर्दीचा दर लागत नाही. भाड्याच्या गाडीला सालिकची पट्टी असते आणि रक्कम बिलात येते. बर दुबईच्या कापडबाजारात दहाला पोहोचायचे की साडेदहाला, याचा विचार निघतानाच केला तर दोन दिरहम वाचतात. रोज चार फेऱ्या मारणाऱ्याला ही रक्कम लहान नाही.

खरी गळती कोठे होते

इतक्या देशांची माहिती सांगण्याचे कारण एवढेच की टोलाची रक्कम स्वतः फार नसते. नुकसान होते ते न भरलेल्या टोलाचे. आमच्या ओळखीचे एक व्यापारी मिलानहून परतल्यावर दोन महिन्यांनी त्यांच्या कार्डावर भाड्याच्या कंपनीने तीन रकमा टाकल्या. त्या टोलाच्या नव्हत्या. टोलाची नोटीस आली, ती आम्ही तुमच्या पत्त्यावर पुढे पाठवली, त्याचे हे शुल्क, असा खुलासा होता. मूळ टोल तसाच बाकी होता आणि त्यावर दंड वेगळा. भाड्याच्या करारात बारीक अक्षरांत ही अट लिहिलेली होती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. यंत्राच्या सौद्यात शंभर युरोसाठी तासभर घासाघीस करणारा आपला माणूस येथे काही न बोलता तेवढेच गमावतो.

दुसरी गळती चार्जिंगची. समजा दोन आठवड्यांत २,००० किलोमीटर फिरणे झाले. महामार्गावर मध्यम मोटार १०० किलोमीटरला सुमारे १८ युनिट वीज खाते. म्हणजे ३६० युनिट. जलद चार्जरवर नोंदणी न करता थेट कार्डाने भरल्यास युनिटला ७० सेंट पडले असे धरू, तर २५२ युरो होतात. त्याच चार्जरवर महिन्याची १० युरो वर्गणी भरून दर ५० सेंट मिळत असेल तर खर्च १९० युरो. म्हणजे ६२ युरोचा फरक. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. दर देशागणिक आणि कंपनीगणिक बदलतात, पण फरकाची जात हीच आहे. दोन दिवसांच्या फिरतीला वर्गणी परवडत नाही, दोन आठवड्यांच्या फिरतीला परवडते. मात्र वर्गणी परतल्यावर आठवणीने बंद करावी, नाहीतर वाचवलेले पैसे महिन्यामागून महिना परत जातात.

तिसरी गळती कार्डाची. आपल्या बहुतेक बँका परकीय चलनातील खर्चावर साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार घेतात आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १०० युरोमागे ४ युरो १३ सेंट गेले. कमी आकाराची कार्डेही मिळतात, ती शोधावीत. याहून वाईट म्हणजे यंत्र जेव्हा विचारते की रक्कम रुपयांत घेऊ काय. आपल्या माणसाला रुपया दिसला की आपलेपणा वाटतो आणि तो होय म्हणतो. त्या क्षणी विनिमयाचा दर समोरच्याच्या हातात जातो आणि तो दर आपल्या फायद्याचा नसतो. म्हणून यंत्राने विचारले तर नेहमी तेथील चलनच निवडावे, युरो असेल तर युरो, पौंड असेल तर पौंड.

चौथी गोष्ट गळती नव्हे, पण भांडवल अडवते. चार्जर वीज देण्याआधी कार्डावर ठरावीक रक्कम रोखून धरतो, कारण किती वीज लागेल हे त्याला ठाऊक नसते. समजा दर वेळी ५० युरो रोखले. वीज लागली २५ युरोची. उरलेली रक्कम कधी त्याच दिवशी सुटते, कधी आठवडाभर अडकते. पाच दिवसांत पाच वेळा चार्जिंग केले तर २५० युरो रोखलेले राहू शकतात. फॉरेक्स कार्डात मोजके पैसे भरून निघालेल्या माणसाला हॉटेलचे बिल देताना कार्ड नाकारले जाते, ते यामुळे. क्रेडिट कार्डावर केवळ मर्यादा अडते, रोकड अडत नाही. गाडी भाड्याने देणारेही अनामतीसाठी बहुधा क्रेडिट कार्डच मागतात. आपल्यापैकी पुष्कळ बंधू व्याजाच्या भीतीने ते बाळगत नाहीत. त्यांची भावना रास्त आहे. त्यांनी ठरलेल्या तारखेला पूर्ण रक्कम आपोआप खात्यातून जाईल अशी सूचना बँकेला लेखी द्यावी. वेळेवर पूर्ण चुकते केल्यास खरेदीवर व्याज लागत नाही. त्या कार्डाने रोख मात्र काढू नये, तेथे व्याज पहिल्या दिवसापासून चालू होते.

निघण्यापूर्वीची तयारी

आता उपायाकडे येऊ. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ ऑक्टोबर २०२० पासून नवे कार्ड केवळ देशात, एटीएम आणि दुकानाच्या यंत्रात घालून वापरण्यापुरतेच चालू मिळते. परदेशातील वापर, इंटरनेटवरील वापर आणि टेकवून पैसे देण्याची सोय, या तिन्ही गोष्टी धारकाने स्वतः चालू करायच्या असतात. चार्जरवर आणि टोलाच्या यंत्रावर पुष्कळदा टेकवूनच पैसे द्यावे लागतात, कार्ड घालायला फटच नसते. ही सोय घरूनच चालू करावी आणि प्रत्येकीची मर्यादा ठरवून घ्यावी.

दोन कार्डे वेगवेगळ्या बँकांची ठेवावीत आणि शक्य तर एक व्हिसाचे, एक मास्टरकार्डचे. यूपीआयवर विसंबू नये. पॅरिसला आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी २०२४ मध्ये यूपीआय सुरू झाले हे खरे, पण महामार्गावरच्या चार्जरशी त्याचा संबंध नाही.

भारतातील सिमवर रोमिंग चालू ठेवावे. टोल इंटरनेटवर भरताना बँक ओटीपी पाठवते आणि तो भारतातील नंबरावर येतो. तेथे गेल्यावर स्वस्त सिम घेऊन आपले सिम पाकिटात ठेवणाऱ्यांचे काम नेमके येथे अडते. ७२ तासांची मुदत ओटीपीच्या वाटेकडे डोळे लावण्यात जाते.

गाडी घेताना काउंटरवर पाच प्रश्न विचारावेत. टोलाचे यंत्र गाडीत आहे काय आणि त्याचे रोजचे भाडे किती? व्हिनेट कोणत्या देशाचे आहे? सरहद्द ओलांडायला लेखी परवानगी आहे काय? चार्जिंगचे कार्ड देता काय आणि त्यावर दर कोणता लावता? गाडी परत करताना बॅटरी किती टक्के भरलेली हवी? उत्तरे करारावर लिहून घ्यावीत. आमचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमात झाले, इंग्रजीच्या बारीक अक्षरांशी आमचा झगडा जुना आहे. पण विचारायला भाषा लागत नाही, हिंमत लागते. काउंटरवरचा माणूस समजावून सांगण्यासाठीच पगार घेतो.

रस्त्यावरचे काही शब्द ओळखू आले तर बरे. जर्मन भाषेत टोलाला माउट म्हणतात, फ्रेंचमध्ये पेआज, इटालियनमध्ये पेदाज्जो. व्हिनेट आणि टोल सरकारी किंवा अधिकृत कंपनीच्या ठिकाणीच भरावा. ऑस्ट्रियात ती आस्फिनाग नावाची कंपनी आहे. इंटरनेटवर दलालांची दुकाने पुष्कळ आहेत, ती तेच व्हिनेट चढ्या भावाने विकतात. चार्जरवर चिकटवलेल्या क्यूआर चिठ्ठीबाबतही सावध राहावे. खऱ्या चिठ्ठीवर खोटी चिकटवून कार्डाचे आकडे चोरण्याचे प्रकार युरोपात झाले आहेत. यंत्राच्या पडद्यावरचा क्यूआर किंवा सरळ कार्ड, हे बरे.

चार्जिंग पूर्ण झाल्यावर गाडी तेथेच उभी ठेवून जेवायला बसू नये. अनेक ठिकाणी मिनिटाप्रमाणे आकार चालू होतो. प्रत्येक वेळेची पावती किंवा यंत्राचा फोटो ठेवावा. कार्डाच्या बिलात कंपनीचे नाव वेगळेच येते आणि महिन्याने मुनीम विचारतो तेव्हा आठवत नाही.

आणि एक स्पष्ट मत. एकटा माणूस, हाती एक बॅग, आणि जायचे एका मोठ्या शहरातून दुसऱ्या मोठ्या शहरात, तर आगगाडीच घ्यावी. गाडीचा हिशोब जमतो तो तिघे-चौघे, सोबत नमुने आणि गिरण्या आडवाटेला असतील तेव्हाच. दुसऱ्याने घेतली म्हणून आपण गाडी घेणे हा कारोबार नव्हे.

कायद्याने काय साधले

आता मूळ मुद्दा. काही वर्षांपूर्वीपर्यंत युरोपात दर चार्जर कंपनीचे वेगळे कार्ड, वेगळे ॲप, वेगळे खाते. म्हणजे दुकानात शिरण्यापूर्वी आधी सभासद व्हा, पत्ता द्या, मग भाव कळेल. असा दुकानदार आपल्या बाजारात आठवडाभर टिकला नसता. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला आणि तो १३ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. त्यानुसार नवीन सार्वजनिक चार्जर ५० किलोवॅट किंवा अधिक शक्तीचा असेल तर त्यावर नेहमीचे बँक कार्ड चाललेच पाहिजे. त्याखालच्या लहान चार्जरला क्यूआरची मुभा आहे. जलद चार्जरवर थेट आलेल्या गिऱ्हाइकाला दर युनिटप्रमाणे सांगितला पाहिजे आणि तो वीज सुरू होण्यापूर्वी कळला पाहिजे. मुख्य मार्गांवरच्या जुन्या जलद चार्जरनाही १ जानेवारी २०२७ पर्यंत कार्डाची सोय करायची आहे.

ब्रिटनने असाच नियम केला. तेथे २४ नोव्हेंबर २०२४ पासून ८ किलोवॅट व त्यावरच्या नव्या आणि ५० किलोवॅट व त्यावरच्या जुन्याही चार्जरवर कार्ड टेकवून पैसे देता आले पाहिजेत. दर युनिटला इतके पेन्स असा सांगायचा आणि मदतीसाठी चोवीस तास मोफत फोन ठेवायचा.

या नियमांचे आम्ही स्वागत करतो. भाव उघडा, माप ठरलेले आणि दाम देण्याची वाट सर्वांना मोकळी, ही प्रामाणिक व्यापाराची पहिली अट आहे. नाक्याशिवायच्या टोलाबाबत मात्र युरोपने ही अट पाळलेली नाही. नंबर टिपण्याची यंत्रे झटपट बसवली, पण पैसे कोठे, कसे, किती मुदतीत भरायचे याची पाटी परक्याला समजेल अशी सर्व ठिकाणी लावली नाही. दाम घेण्याचा हक्क ज्याला हवा त्याने दाम देण्याची वाट दाखवण्याची जबाबदारीही घ्यावी. तरीही, पाटी दिसली नाही म्हणून देणे संपत नाही. रस्ता वापरला तर त्याचे पैसे आपल्या अंगावर आहेत. ‘परत कशाला यायचे आहे, राहू द्या’ असे म्हणणारे बंधू आम्ही ऐकले आहेत. परदेशात आपला माणूस एकटा नसतो. त्याच्या मागून येणाऱ्या दहा व्यापाऱ्यांची पत त्याच्या नंबरावर लिहिली जाते.

आपल्या दारातही तेच

दुसऱ्याला नावे ठेवताना आपले दारही पाहावे. आपल्याकडे बहुतेक सार्वजनिक चार्जरवर कंपनीचे ॲप घ्यावे लागते, मोबाइल नंबर द्यावा लागतो, त्यावर ओटीपी येतो आणि पुष्कळ ठिकाणी आधी वॉलेटमध्ये पैसे टाकावे लागतात. एका गावात एक ॲप, पुढच्या गावात दुसरे. चार ॲपांत शे-दोनशे रुपये पडून राहतात, ते कोणाच्या कामाचे नाहीत. आखातातून किंवा इंग्लंडहून महाड, चिपळूण, रत्नागिरीला सुट्टीवर येणारा आपलाच मुलगा परदेशी नंबर घेऊन येतो आणि चार्जरसमोर भाऊ-पुतण्याला फोन करतो की तुझ्या ॲपवरून चालू कर. परदेशी खरेदीदार तर भाऊ-पुतण्याही आणू शकत नाही. परदेशी पाहुण्यांसाठी यूपीआयची वेगळी सोय २०२३ मध्ये जी-२० च्या वेळी काढली गेली, हे चांगले झाले. पण चार्जरने ॲपशिवाय साधा यूपीआय किंवा साधे कार्ड घेतले तरच तिचा उपयोग.

सबब आमची सूचना अशी आहे. सार्वजनिक चार्जरवर नोंदणीशिवाय कार्ड किंवा यूपीआयने पैसे घेण्याची सक्ती आपल्याकडेही व्हावी आणि दर पाटीवर युनिटप्रमाणे लिहावा. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमाग आणि कापड संघटनांनी ही मागणी सरकारपुढे लेखी मांडावी. विजेचा दर यंत्रमागवाल्यांइतका आणखी कोणाला समजतो? युनिटचा हिशोब आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत.

दुसरी सूचना संघटनांनाच आहे. हॅनोव्हरच्या प्रदर्शनाला जाणाऱ्यांची यादी वेळेवर तयार होईल, विमानाची तिकिटे एकत्र निघतील. त्याच वेळी एक पानाची माहितीपत्रिका मराठीत आणि उर्दूत छापावी. कोणत्या देशात टोल कसा, व्हिनेट कोठे, मुदत किती, कार्डाच्या कोणत्या तीन सोयी चालू करायच्या आणि काउंटरवर कोणते पाच प्रश्न विचारायचे, एवढे त्यात असावे. निघण्याच्या आठवड्यात एखाद्या तरुण हिशोबनीसाला बसवून प्रत्येकाचे कार्ड तपासून घ्यावे. यास खर्च नाही, केवळ एक संध्याकाळ लागते. मोठ्या गिरणीवाल्यांसाठी हे सर्व त्यांचे कार्यालय करते. दहा-वीस मागांच्या मालकाला कार्यालय नाही, त्याची संघटना हेच त्याचे कार्यालय. तिने हे काम अंगावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे.